बोटी पुरे झाल्या, आता कोचचा पगार द्या

रोइंगसाठी देणग्या देणाऱ्या प्रतिष्ठानांच्या विश्वस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या हंगामात तुमच्यासारख्याच एका प्रतिष्ठानाने आमच्या संस्थेला ‘एट’ दिली. आठ जणांची बोट, नवी कोरी, कार्बन फायबरची, बाजूवर देणगीदारांचं नाव. नामकरण झालं, फोटो निघाले. ती बोट आज बोटहाऊसच्या सगळ्यांत वरच्या रॅकवर आहे आणि बहुतेक दिवस तिथेच असते. तिची धूळ पुसण्याचं काम मात्र आम्ही नेमाने करतो, कारण पाहुणे कधी येतील ते सांगता येत नाही.

आम्ही कृतघ्न आहोत असं समजू नका. तुमच्या पैशांवरच आमचं बोटहाऊस उभं आहे. मी स्वतः उमेदीची वर्षं शर्यतींत घालवली, बहुतेक वेळा क्वाडच्या, म्हणजे चौघांच्या बोटीच्या, बो सीटवर, म्हणजे सगळ्यांत पुढच्या टोकाच्या जागेवर. आता याच संस्थेत सकाळी मुलांना वल्हवायला शिकवते आणि दुपारी तुमचे अर्ज भरते. सकाळी मुलांना सांगायचं, पाठ ताठ ठेवा. दुपारी स्वतः अर्जांसमोर वाकून बसायचं. दोन्ही कामं एकीकडेच असल्यामुळे जे दिसतं, ते तुम्हाला उघडपणे सांगावं असं वाटलं.

आधी त्या एटचं सांगते. ती पाण्यात घालायला नऊ जण लागतात, आठ वल्हवणारे आणि एक कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळून आज्ञा देणारा. आमच्याकडची मुलं धाकट्या भावंडांना शाळेत सोडून येतात, कुणाची परीक्षा असते, कुणाची बस चुकते. नवातली दोन आली नाहीत की उरलेली सात काठावर उभी. शर्यतीची एट नियमानुसार किमान ९६ किलोची असते आणि लांबीला सतरा मीटरच्या वर. ती रॅकवरून काढून, डोक्यावर धरून, कुठेही न आपटता धक्क्यापर्यंत नेणं हेच तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक सत्र होऊन बसतं.

त्यात तिचा सांगाडा जड पुरुषांसाठी बनवलेला. हे देणगीदारांना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. रेसिंग बोट ठरावीक वजनाच्या क्रूचा अंदाज धरून बनवतात. नव्वद किलोच्या माणसांसाठी बनलेल्या बोटीत पंचेचाळीस किलोच्या मुली बसल्या की ती पाण्यावर उंच तरंगते. रिगर, म्हणजे वल्ही अडकवायचे बाजूचे लोखंडी हात, वर राहतात, पातं पाण्यात बुडवायला हात छातीच्याही वर न्यावे लागतात, आणि जराशा वाऱ्याने बोट डोलायला लागते. मुलींना वाटतं, आपल्याला जमत नाही. खरं तर त्या बोटीला जमत नसतं.

आम्ही त्या अर्जात एट मागितलीच नव्हती. आम्ही दुसऱ्या कोचचा तीन हंगामांचा पगार आणि लॉन्चच्या, म्हणजे कोचच्या मोटारबोटीच्या, इंजिनाची दुरुस्ती मागितली होती. उत्तर असं आलं की धोरणानुसार भांडवली खर्चाला निधी देता येतो, पगाराला नाही. पगार हा ‘प्रशासकीय खर्च’ आहे आणि त्याला मर्यादा आहे. पत्र अतिशय सौजन्याने लिहिलेलं होतं. पुढच्या महिन्यात बोट आली.

माझं म्हणणं एवढंच आहे की रोइंग शिकवणाऱ्या संस्थेत कोच हा प्रशासकीय खर्च नसतो. कोच नसेल तर तिथे दुसरं काहीच घडत नाही.

ज्यांनी रोइंग फक्त टीव्हीवर पाहिलं आहे त्यांना हे पटायला थोडं अवघड जाईल, कारण तिथे कोच दिसतच नाही. दिसतात त्या सहा लेन, २००० मीटर, आणि साडेपाच मिनिटांच्या आसपास सगळा खेळ खलास करणारी पुरुषांची एट. रोजचं पाणी असं नसतं. वल्हवणारा माणूस जिकडे जातो तिकडे पाठ करून बसलेला असतो. त्याची एकट्याची बोट, सिंगल स्कल, आठेक मीटर लांब आणि पाण्याच्या रेषेवर फूटभरही रुंद नाही. पाय बोटीत पक्क्या बसवलेल्या बुटांत असतात. बुटांच्या टाचांना दोरी बांधलेली असते, टाच ठरावीक उंचीपेक्षा वर उचलता येऊ नये म्हणून. बोट उलटली तर पाऊल बुटातून आपोआप निसटावं हा त्यामागचा हेतू. बोटीच्या टोकाला पांढरा रबरी चेंडू लावतात, कारण तो नसेल तर धडकेत ते टोक भाल्यासारखं घुसतं. हे सगळे नियम अपघातांतून शिकून आलेले आहेत, आणि तरीही शेवटी मुलांकडे बघणारं कुणीतरी लागतंच. ते कुणीतरी मागून मोटारबोटीत येतं. त्या मोटारबोटीला आम्ही लॉन्च म्हणतो.

थंड पाण्याविषयी बचावकामातल्या लोकांचा एक ठोकताळा आहे, एक-दहा-एक. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आटोक्यात आणण्यात जातं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. त्या दहा मिनिटांत लॉन्च पोचायला हवी. मुलांना आम्ही घोकून घोकून सांगतो, बोट सोडायची नाही. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असल्यामुळे उलटलेली बोटही तरंगते. पण काठ जवळ दिसला की चांगलं पोहता येणाऱ्यालाच मोह होतो, आणि तो मोह फार घातक.

आता यातून निघणारा हिशेब बघा. रॅकवर वीस बोटी असोत की चाळीस. लॉन्च एक आणि तीत बसणारा कोच एक असेल, तर त्या एका जोडी डोळ्यांना सांभाळता येतील तेवढ्याच बोटी पाण्यात जातात. तुम्ही एकविसावी बोट दिलीत तर पाण्यात एकही मूल वाढत नाही. दुसरा कोच आणि चालतं इंजिन दिलंत तर आहे त्याच बोटींत दुप्पट मुलं बसतात. एवढा सरळ हिशेब तुमच्या मंडळांवरच्या हिशेबनीसांच्या नजरेतून कसा सुटतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. बहुधा आमच्यासारख्यांनी अर्जात तो कधी स्पष्ट मांडलेला नसतो. नकाराच्या भीतीने एरवी आम्हीही बोटच मागतो.

पाण्यात जाण्याआधीचं कामही असंच माणसांवर चालतं. आमच्याकडे येणाऱ्या अनेक मुलांना पोहता येत नाही. म्हणजे आधी तलाव, तलावाची वेळ, शिकवणारा. पोहता आलं की तलावातच बोट उलटवण्याचा सराव. मुद्दाम उलटायचं, पाय सोडवायचे, वर यायचं, सांगाड्याला धरून राहायचं. काही मुलं खिदळत करतात. एखादं मूल तलावाच्या काठावर बसून राहतं आणि तीन आठवडे पाण्याकडे नुसतं बघतं. त्या मुलाजवळ बसायला कुणीतरी लागतं. या बसण्याची पावती तुमच्या अर्जाला कशी जोडायची, हे मला अजून सापडलेलं नाही.

शिकवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘कोच’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हातात भोंगा घेऊन ओरडणारा माणूस येत असावा. शर्यतीत असताना मलाही कोच म्हणजे तेवढंच वाटायचं. शर्यतवाल्यांना दुखण्याची भाषा येते. २००० मीटरमधले तिसरे पाचशे मीटर काय करतात ते मला हाडांत ठाऊक आहे. पहिल्याची उसळी संपलेली असते, शेवटचा जोर अजून लांब असतो, आणि डोकं सारखं कारणं शोधत असतं. पहिल्या आठवड्यात आलेल्या मुलीला या ज्ञानाचा काडीचा उपयोग नाही. तिची भीती साधी असते: हे उलटणार. तिला ‘जोर लाव’ म्हटलं की ती दांडे घट्ट आवळते, खांदे कानांपर्यंत नेते, सरकत्या सीटवरून धाडकन पुढे येते, पातं तिरकं बुडतं, पाणी ते पकडून ठेवतं आणि दांडा पोटात बसतो. याला आमच्या खेळात ‘क्रॅब’ म्हणतात. मोठ्या बोटीत वेगात असा क्रॅब लागला तर माणूस सीटवरून उचलला जाऊन बाहेरही पडू शकतो.

तिला पहिल्यांदा एवढंच शिकवायचं असतं की दोन्ही दांडे सारख्या उंचीवर हातात आहेत तोवर बोट तुला सांभाळते. दांडे सोडलेस तर नाही. मग तिला जागेवर थांबायला शिकवायचं. मग नुसत्या हातांनी वल्हवायला, मग पाठीसकट, मग पाय. खरा जोर पायांचा, हे नवख्या माणसाला खोटं वाटतं, कारण डोळ्यांसमोर हात हलत असतात. पाय, पाठ, हात. परत येताना हात, पाठ, पाय. हा क्रम तोंडाने म्हणून दाखवायला एक मिनिट पुरतं आणि अंगात भिनायला हंगाम जातो. एखाद्याला शब्दांतून कळतं. एखादीला पुढच्या सीटवरच्या पाठीकडे बघून कळतं. एखाद्याला काहीच कळत नाही, आणि एके दिवशी मी धक्क्यावर बसून त्याचं पातं हातात धरते, ‘आता ढकल’ म्हणते, पाण्याऐवजी माझ्या हाताचा अडसर त्याला जाणवतो आणि तो म्हणतो, “असं होय!” कोणत्या मुलाला काय चालतं हे ज्याने त्याला शिकवलं त्यालाच ठाऊक असतं. कोच गेला की ते त्याच्याबरोबर जातं. हस्तांतराच्या फायलीत त्याला रकाना नाही.

आणि कोच जातातच. एक वर्षाचं अनुदान म्हणजे एक वर्षाचा करार, तोही बहुतेक वेळा फक्त हंगामापुरता. आमच्याकडे एक सहकारी होता, घाबरणाऱ्या मुलांना पाण्यात उतरवण्यात त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. त्याला बाराही महिने पगार देणारी नोकरी मिळाली आणि तो गेला. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते. त्याच्या गटातली काही मुलं पुढे येईनाशी झाली. त्यांनी कारण सांगितलं नाही, आणि तुमच्या वार्षिक अहवालाच्या नमुन्यात गळतीचं कारण विचारलेलंही नाही.

“जुने खेळाडू स्वयंसेवक म्हणून का येत नाहीत?” हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. येतात ना! शनिवारी सकाळी येतात, मनापासून येतात, आमचे रिगर घट्ट करून देतात, जुन्या शर्यतींच्या गोष्टी सांगतात. त्यांच्याशिवाय आमचं पान हलणार नाही. पण मंगळवारी पहाटे, वारा सुटायच्या आत, पाणी सपाट असताना, लॉन्चचं इंजिन चालू करून, बचावाची दोरी आणि फॉइलची ब्लँकेटं तपासून, किल कॉर्ड (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) पायाला बांधून तयार असणारं माणूस त्याच दिवशी दहाला ऑफिसात दुसऱ्याची नोकरी करू शकत नाही, निदान वर्षानुवर्षं नाही. शिवाय मुलांसोबत काम करायचं तर प्रथमोपचार, बालसुरक्षा, लॉन्च चालवणं, सगळ्याचं प्रशिक्षण लागतं आणि ते पुन्हा पुन्हा ताजं करावं लागतं. उत्साह आहे म्हणून ते सोडून देता येत नाही.

या खेळाचा इतिहास तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. तुमच्यातले निम्मे तरी जुने वल्हवणारेच आहात. एके काळी लोकांना बाहेर ठेवायला छापील नियम होते. १९२० मध्ये अमेरिकेच्या जॉन बी. केलीला इंग्लंडमधल्या हेन्ली रॉयल रिगाटा या नामांकित शर्यतीने प्रवेश नाकारला. त्याच्या क्लबवर आधीची बंदी होतीच, वर तो गवंडीकाम केलेला माणूस, आणि तेव्हाच्या नियमांत अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला हौशी खेळाडू मानत नसत. त्याच उन्हाळ्यात त्याने अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सिंगल आणि डबल, दोन्ही स्कल्सची सुवर्णपदकं जिंकली. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एटला हेन्लीत उतरू दिलं नाही, कारण त्यातले खेळाडू पोलीस होते. त्यानंतरच्या वर्षी तो नियम गेला. बायकांना ऑलिंपिकमध्ये घेतलं १९७६ ला, तेही निम्म्या अंतरासाठी. पूर्ण २००० मीटर त्यांना मिळाले १९८८ ला. पॅरारोइंग, म्हणजे दिव्यांगांचं रोइंग, पॅरालिंपिकमध्ये आलं २००८ ला, १००० मीटरचं, आणि त्याचं अंतर दुप्पट झालं ते २०१७ पासून.

आता असा कुठलाही नियम गरिबाच्या मुलाला अडवत नाही. तो अडतो तो कुणी शिकवायला नसतं म्हणून. पॅरारोइंगचंच घ्या. पीआर-१ गटातला खेळाडू फक्त हात आणि खांदे वापरतो, त्याची सीट स्थिर असते, बोटीला बाजूंनी तरंगते लावलेले असतात. त्याला चाकाच्या खुर्चीतून बोटीत बसवायला आणि परत काढायला धक्क्यावर दोन सराईत माणसं लागतात, रोज. खास सीट दिली आणि ती दोन माणसं दिली नाहीत, तर ती सीट फोटोपुरती.

पदकांचंही बोलून टाकते. तुमच्या बऱ्याच अर्जांत ‘गेल्या वर्षातली पदके’ हा रकाना असतो. तो रकाना दिसला की कोच उंच मुलं शोधायला लागतो. मीही शोधेन, मला पगार हवा असेल तर. उंच माणसाचा स्ट्रोक लांब, हे खरंच आहे. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरने उंच खेळाडू शोधणाऱ्या योजनेच्या चाचणीत चवड्यांवर उभं राहून उंची भरून काढली होती, ही गोष्ट ती स्वतः सांगते. तिने २००८ मध्ये वल्हवायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये हेदर स्टॅनिंगबरोबर पेअरमध्ये, म्हणजे दोघींच्या बोटीत, ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. या गोष्टीतला ‘चार वर्षांत सुवर्ण’ एवढाच भाग भाषणांत येतो. रोज पाण्यावर रॉबिन विल्यम्ससारखा कोच होता, तो भाग राहून जातो. आपला दत्तू भोकनळही सैन्यात गेल्यावरच वल्हवायला शिकला आणि २०१६ मध्ये रिओला सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. तिथेही सैन्याचं पूर्णवेळ प्रशिक्षण पाठीशी होतं. उशिरा सुरुवात करूनही वर पोचता येतं, ही या खेळाची मोठी सोय आहे. पण ती शिकवणारा असेल तरच.

पदकांच्या घाईची किंमत मुलांच्या पाठी मोजतात. रोइंगमध्ये सगळ्यांत जास्त दुखते ती कंबर, आणि फार सराव लादला की बरगड्यांना सूक्ष्म तडे जातात. वाढत्या वयाच्या मुलाला एर्गवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग मशीनवर, बसवून आकडे काढून घेणं सोपं आहे. ते आकडे अहवालात शोभूनही दिसतात. त्या आकड्यांसाठी मी मुलांना झिजवणार नाही. तुम्हाला मोजायचंच असेल तर दुसऱ्या वर्षी किती मुलं परत आली ते विचारा. किती जणांना पोहता यायला लागलं ते विचारा. बोटीत सगळ्यांत लहानखुरी असलेली, कधीच न बोलणारी मुलगी कॉक्स झाली का, आणि मोठ्या मुलांना आज्ञा द्यायला लागली का, ते विचारा. जुन्यांपैकी किती जण शिकवायला परत आले ते तर नक्की विचारा, आणि त्यांना द्यायला पैसे आहेत का, तेही.

तरीही बोटच द्यायची असेल, काहींना द्यायचीच असते, तर निदान देण्याआधी कोचला फोन करा. आम्हाला दोघांच्या डबल हव्यात, कॉक्सच्या क्वाड हव्यात, हलक्या वजनाच्या क्रूसाठी बनलेल्या. रुंद, न उलटणाऱ्या शिकाऊ बोटी हव्यात, ज्या दिसायला अजिबात ऐटदार नसतात. कोस्टल, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या, बोटींचा विचार करा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बीच स्प्रिंट, म्हणजे किनाऱ्यावरून धावत जाऊन बोटीत बसायची शर्यत, येतं आहे, आणि तिथल्या बोटी रुंद, दणकट, लाटा झेलणाऱ्या असतात; नवशिक्यालाही त्या लवकर आपल्याशा वाटतात. ज्यांच्या दांड्यांची लांबी कमीजास्त करता येते अशी वल्ही द्या. आणि बोटीबरोबर तिच्या दुरुस्तीचे पैसे द्या, कारण धक्क्याला पहिला टोला पहिल्याच महिन्यात बसतो.

पण माझी मागणी बोटीची नाही. पगार ‘प्रशासकीय खर्चा’तून काढून ‘कार्यक्रम’ या मथळ्याखाली घ्या. अनुदान एका वर्षाऐवजी किमान तीन वर्षांचं करा, म्हणजे शिकवायला सुरुवात करणारा कोच त्याच मुलांना शर्यतीपर्यंत नेऊ शकेल. आणि प्रत्येक नव्या बोटीमागे तिच्यासोबत जाणाऱ्या लॉन्चचं आणि कोचचं काय, हा प्रश्न मंजुरीआधी तुमच्याच बैठकीत विचारा.

पगारावर नावाची पट्टी लावता येत नाही, ही तुमची अडचण मला कळते. तिच्यावरही उपाय आहे. बोटीवर लिहिलेलं नाव वल्हवणाऱ्या मुलांना कधीच दिसत नाही. ती आत बसलेली असतात आणि तोंड मागे असतं. त्यांना सबंध सत्रभर दिसते ती मागून येणारी लॉन्च. तुमचं नाव तिच्या नाकावर मोठ्या अक्षरांत रंगवून देते, रंग तुम्ही सांगाल तो. इंजिन मात्र चालतं असू दे.

या वर्षीचा आमचा अर्ज नेहमीच्या तारखेला येईल. त्यात बोटीचा रकाना कोरा असेल. तो चुकून राहिलेला नाही.

आपली नम्र,
पूर्वी बो सीटवर, आता लॉन्चमध्ये बसणारी एक कोच